जामसरच्या हवेला भाव कुठला लावायचा?

सरकारच्या ताब्यातल्या स्पेक्ट्रमची किंमत कशी काढतात? आपल्याकडे याची एक ठरलेली रीत आहे. शेवटचा लिलाव घ्यायचा, त्यातला एका मेगाहर्ट्झचा भाव बघायचा आणि सरकारकडे जितके मेगाहर्ट्झ आहेत तितक्याने गुणायचं. माझी तक्रार या गुणाकाराबद्दल आहे.

सगळ्यात गाजलेला गुणाकार कॅगचा. २००८ साली २जीचे १२२ परवाने २००१ च्या दराने दिले गेले. देशभराच्या परवान्याला १,६५८ कोटी रुपये. कॅगने नोव्हेंबर २०१० च्या अहवालात ३जी लिलावाचा ताजा भाव लावला आणि संभाव्य तोटा काढला १,७६,६४५ कोटी. त्याच अहवालात इतर पद्धतींनी काढलेले आकडेही आहेत आणि त्यातला सर्वांत लहान ५७,६६६ कोटींचा आहे, हे फारसं कुणाला आठवत नाही. म्हणजे एकाच अहवालात एकाच वस्तूच्या किमतीत तिपटीचा फरक! २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केले. वाटप मनमानी होतं, हे त्यात स्पष्ट झालं. पण मनमानी सिद्ध झाली म्हणजे तोट्याचा आकडाही सिद्ध झाला, असं होत नाही. त्याच नोव्हेंबरात पुन्हा लिलाव झाला, तेव्हा हाती आले जेमतेम ९,४०० कोटी. राखीव किंमत इतकी चढी होती की मुंबई-दिल्लीला कुणी बोलीच लावली नाही.

दुसरं उदाहरण ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचं. देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत २०१६ मध्ये होती ११,४८५ कोटी, गिऱ्हाईक नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी, तरी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी झाली, तेव्हा जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले, ३९,२७० कोटींना. मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, याच पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ लिलावाविना रेल्वेला देण्याचं ठरलं. आता रेल्वेच्या वाट्याची किंमत किती? २०१६ च्या दराने ५७,४२५ कोटी, २०२२ च्या दराने १९,६३५ कोटी. रेल्वेचं स्पेक्ट्रम तेच आहे, बदललाय तो फक्त गुणक.

तिसरं उदाहरण तर गमतीचं आहे. जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएलला ८९,०४७ कोटींचं पॅकेज दिलं. त्यात ७०० मेगाहर्ट्झच्या १० मेगाहर्ट्झची किंमत धरली ४६,३३८.६० कोटी. जिओच्या ३९,२७० कोटींवर १८ टक्के जीएसटी लावून बघा, पैशापर्यंत तोच आकडा येतो. याला मूल्यमापन कसं म्हणायचं? ही आदल्या वर्षीच्या बिलाची नक्कल आहे.

आता जामसरकडे येऊ. जव्हार तालुक्यातलं हे गाव ज्या टेलिकॉम सर्कलमध्ये येतं, त्यात मुंबई सोडून उरलेला सगळा महाराष्ट्र आणि गोवा आहे. २०१० च्या ३जी लिलावात ५ मेगाहर्ट्झच्या एका ब्लॉकला एकट्या मुंबईत ३,२४७ कोटी मिळाले आणि या एवढ्या मोठ्या सर्कलला १,२५८ कोटी. हे १,२५८ कोटी कंपन्यांनी मोजले ते पुणे, नाशिक, नागपूरकडे बघून. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरदऱ्या त्यात फुकट आल्या. पण सरासरी भाव लावला की कागदावर पुण्याच्या हवेचा आणि जामसरच्या हवेचा दर एकच होतो.

अर्थशास्त्रात याला संधी-खर्चाची चूक म्हणता येईल. एखादी वस्तू सरकारने स्वतःकडे ठेवली, तर दुसऱ्या कुणाचं काय बुडालं, हा संधी-खर्च. पुण्यात तो मोठा आहे, कारण तिथे तीच लहर वापरायला कंपन्या टपलेल्या असतात. दरीतल्या पाड्यावर जिथे कुणी टॉवरच उभारत नाही, तिथे तो जवळपास शून्य आहे. मात्र वापरातून मिळणारी किंमत तिथे शून्य नाही. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल ॲपवरून फोटोसह हजेरी बंधनकारक केली. हजेरी चढली नाही तर मजुरी अडते. म्हणजे रेंजची गरज खुद्द सरकारनेच निर्माण केली आणि तिची किंमत मात्र कुठल्याच गुणाकारात नाही.

ही किंमत मोजताच येत नाही, असंही नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० नेटवर्क नसलेल्या आणि ६,२७९ फक्त २जी-३जी असलेल्या गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. ढोबळ भागाकार केला तर गावामागे ८५ लाख. एक गाव जोडण्यासाठी सरकार स्वतः इतकं मोजायला तयार आहे. आता प्रश्न असा विचारायचा: कमी फ्रिक्वेन्सीची, लांब पोचणारी लहर वापरली तर याच गावांत किती टॉवर कमी लागतील? जो खर्च वाचेल, ती त्या लहरीची त्या गावातली किंमत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्यानंतर संरक्षण खात्यासारख्या सरकारी वापरकर्त्यांनाही साधारण याच विचाराने शुल्क लावलं गेलं.

लिलाव-पद्धतीच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. फुकटात मिळालेलं स्पेक्ट्रम खाती दाबून ठेवतात, आणि मोठा आकडा समोर ठेवला की निदान जाब विचारता येतो. पण जाब विचारायचा तर आकडा जागेनुसार हवा. पुण्यात पडून असलेल्या लहरीबद्दल विचारायचं, ‘विकली का नाहीत?’ जामसरमध्ये विचारायचं, ‘वापरली का नाहीत?’ सगळ्या देशाला एकच भाव लावला, की हा दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो.