रँग्लरांची गोष्ट आणि प्रवेशाचे दार

इंग्लंडातल्या ज्या मराठी घरात सोळा-सतरा वर्षांचे, गणित-विज्ञानाकडे ओढा असलेले मूल आहे, तिथे जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ कधी ना कधी पोचतेच. आजी पुण्याहून पाठवते, नाहीतर मावशी बॅगेतून आणते. २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे आत्मचरित्र मराठीतले महत्त्वाचे पुस्तक आहे, याबद्दल वाद नाही. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, नारळीकर गेल्यावर ते पुन्हा हातोहात फिरले. माझी तक्रार पुस्तकाबद्दल थोडी आणि आपण ते ज्या रीतीने वाचतो त्याबद्दल जास्त आहे.

आपण ते ‘केंब्रिजला कसे जावे’ याचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो. या वाचनामागे शंभर-सव्वाशे वर्षांची सवय आहे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉसमध्ये एका सहकाऱ्याबरोबर संयुक्तपणे सीनियर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत आला तो पदवीसारखा माणसाच्या नावाला चिकटूनच. पण रँग्लर म्हणजे ट्रायपॉस या ऑनर्स परीक्षेत शेवटी पहिल्या वर्गात आलेला विद्यार्थी. म्हणजे आपल्या दंतकथेत कौतुक आहे ते बाहेर पडण्याच्या दाराचे. आत येण्याच्या दाराबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

तेव्हा ते दार वेगळे होते हेही खरे. नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले आणि पुन्हा पदवीच्याच अभ्यासाला बसले. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नाही अशांनाही केंब्रिजमध्ये शिकता यावे म्हणून ही संस्था १८६९ साली सुरू झाली होती; तिला कॉलेजचा दर्जा मिळाला १९६६ साली. त्यांचे वडील विष्णुपंत तिथलेच विद्यार्थी, सुभाषचंद्र बोसही तिथलेच. केंब्रिज म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर किंग्ज कॉलेजचे चॅपल येते. नारळीकर आत आले ते मात्र बाजूच्या, साध्या दाराने. हा तपशील आपल्या कौतुकात कुठेच नसतो.

पुस्तकाची भाषा संयत आहे, कुठे आवाज चढत नाही. हा त्याचा गुण आहे, आणि गोची इथेच होते. लेखक इतक्या शांतपणे एका नगरातून दुसऱ्या नगरात जातो की वाचकाला सारे ओघानेच घडल्यासारखे वाटते: हुशार मुलगा, म्हणून केंब्रिज, केंब्रिज, म्हणून रँग्लर. मधला ‘म्हणून’ कशाचा बनला होता, याचे उत्तर केंब्रिजच्या भागात शोधून मिळत नाही. ते बनारसच्या भागात आहे. वडील गणिताचे प्राध्यापक आणि स्वतः केंब्रिजचे, आई संस्कृतच्या विदुषी. घरात फळा, आणि त्या फळ्यावर मोरूमामा भाच्यासाठी आव्हान म्हणून एकेक गणित लिहून ठेवायचे. भाच्याला ते सुटेपर्यंत किंवा तो हार मानेपर्यंत पुसायचे नाही. आपण हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगतो. मला तो पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण आजच्या प्रवेशपरीक्षेत नेमके तेच तपासले जाते. केंब्रिजच्या गणितासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, मग इंटरव्ह्यू, मग ऑफर. आणि ऑफरला ए-लेव्हलच्या श्रेणींबरोबर ‘स्टेप’ या परीक्षेच्या दोन पेपरांची अट. तीन तासांचा पेपर, बारा प्रश्न, त्यांतल्या सर्वांत चांगल्या सहांचेच गुण धरतात. पाठ केलेल्या पद्धतीने इथे फार पुढे जाता येत नाही. एकाच प्रश्नापाशी बराच वेळ अडकून राहायची सवय लागते. ऑफर मिळालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटी ही अट पार करून आत जातात.

मोरूमामा घरात नसले की आपण त्यांना तासाच्या दराने विकत आणतो. इथे इतिहासातली एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. परांजप्यांच्या आधीच्या पिढ्यांत केंब्रिजमध्येही हेच चाले. एडवर्ड राउथ या एकाच खासगी शिक्षकाच्या हाताखालून पंचविसाहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. क्रमांकाच्या शर्यतीने गणिताचेच नुकसान होते आहे, असे जी. एच. हार्डींसारखे गणिती म्हणू लागले, आणि १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी जाहीर करणे बंद झाले. म्हणजे ज्या क्रमांकाचे आपण आजही गोडवे गातो तो परांजप्यांच्या नंतर दहा वर्षांतच विद्यापीठाने सोडून दिला. मराठीत मात्र तो तसाच राहिला.

दुसरी उणीव आपल्या गौरवकथांत बायकांची आहे. १८९० साली फिलिपा फॉसेट यांचे गुण सीनियर रँग्लरपेक्षा वरचे ठरले, पण त्या बाई असल्याने तो मान त्यांना मिळाला नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ पासून. आपल्याकडे मंगला नारळीकर मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला पहिल्या आल्या होत्या, केंब्रिजमध्ये त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवले, आणि संसार सांभाळून १९८१ साली पीएच.डी. केली. ‘गणितगप्पा’ लिहून मराठी मुलांना फळ्यापाशी बोलावणाऱ्याही त्याच. आपल्या मुलींना मामाच्या फळ्याइतकीच ही गोष्टही सांगायला हवी.

आणि तिसरी उणीव, जी मला सगळ्यात जास्त टोचते: न मिळालेल्या प्रवेशाबद्दल आपण लिहीत नाही. ए-लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतात, मागोमाग गणपती येतात. मंडळाच्या स्टेजवर प्रवेश मिळालेल्यांचा सत्कार होतो. ऑफर हातात असून स्टेपमध्ये राहिलेले मूल त्या वर्षी आरतीला येत नाही, आणि आईवडील ‘जरा बरं नाही त्याला’ म्हणून सांगतात. ते मूल पुढे वॉरिकला किंवा इंपीरियलला उत्तम गणित करते, पण त्याच्या गोष्टीला मराठीत शब्दच नाही. मी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रश्नवर्ग घेते. पहिल्या पसंतीने आलेले कोण आणि दुसऱ्या पसंतीने आलेले कोण, हे दिवाळीपर्यंत मला ओळखता येत नाही. अडकलेल्या प्रश्नापाशी बसून राहणारे मूल मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखू येते.

परांजपेसुद्धा एकटे वर गेले नाहीत. कोकणातल्या मुर्डीच्या या मुलाच्या शिक्षणामागे त्याचे आतेभाऊ धोंडो केशव कर्वे उभे होते, पुढे फर्ग्युसन कॉलेज आणि सरकारी शिष्यवृत्ती होती. प्रत्येक रँग्लरच्या मागे असे एखादे घर, एखादा फळा आहे. तो ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी आज केंब्रिज स्वतःच स्टेपच्या तयारीचे साहित्य इंटरनेटवर फुकट देते. कुठल्या शाळेतून, कुठल्या परिस्थितीतून अर्ज आला हेही तिथे पाहिले जाते. आपल्यातले काहीजण याला अन्याय म्हणतात. फिट्झविल्यम हाउसचा इतिहास वाचलेल्या माणसाने तरी तसे म्हणू नये.

तेव्हा पुस्तक मुलांना जरूर द्या, पण बनारसपासून वाचायला सांगा. आणि जमले तर घरात एक फळा लावा, त्यावर तुम्हालाही न सुटलेले एक गणित लिहा, आणि पुसायची घाई करू नका.