टिपणांची जोडणी आणि संशोधकाचा विवेक

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी टिपणांची सुमारे ९०,००० कार्डे मागे ठेविली. प्रत्येक कार्डास क्रमांक देऊन ते एका कार्डावर दुसऱ्याचा क्रमांक स्वहस्ते नोंदवीत. या पद्धतीच्या अनुकरणासाठी आज वापरल्या जाणाऱ्या ॲपांपैकी ‘ऑब्सिडियन’ (२०२०) हे विचारात घेण्यासारखे आहे.

त्याचा गुण असा की, टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत अभ्यासकाच्याच संगणकावर राहतात. ॲप उद्या बंद पडले तरी ती वाचता येतील. दोष मात्र सूक्ष्म आहे. दुहेरी चौकोनी कंसात एका टिपणाचे नाव लिहिताच दोन टिपणे जोडली जातात आणि आलेखात त्यांच्यामध्ये रेषा उमटते. ही रेषा आधार दर्शविते, विरोध की केवळ नामसादृश्य, हे तीवरून कळत नाही. समजा, मराठीतील ‘ळ’विषयीचे टिपण ‘द्राविडी प्रभाव’ या टिपणास जोडले. तेवढ्याने प्रभाव सिद्ध झाला काय? रेषांचे दाट जाळे पाहून सिद्धान्त हाती आल्याचा भास होतो, हा खरा धोका होय.

म्हणून प्रत्येक जोडणीशेजारी तिचे कारण एका पूर्ण वाक्यात लिहावे. ते लिहिता येत नसेल तर जोडणी करू नये. प्रबंधलेखनाच्या वेळी अशी वाक्येच युक्तिवादाचा कच्चा मसुदा म्हणून उपयोगी पडतात.