‘जीवनाचा वृक्ष’ कीं ‘जीवनाचें पुस्तक’ ?

‘प्रकटीकरण’ या ग्रंथांतील प्रतीकांवर युगान्ताचे व तारणाचे सिद्धान्त उभारले जातात. परंतु अर्थनिर्णयापूर्वीं पाठनिर्णय हवा. अध्याय २२, वचन १९ पाहावें. या ग्रंथांतून कांहीं गाळणाऱ्याचा ‘जीवनाच्या वृक्षांतील’ वांटा जाईल, असा प्राचीन ग्रीक पोथ्यांचा पाठ. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत मात्र ‘जीवनाच्या पुस्तकांतील’. इरॅस्मस यानें १५१६ त बासल येथें ग्रीक पाठ छापविला, तेव्हां त्याजवळील या ग्रंथाच्या एकमेव पोथीचें शेवटचें पान गळालेलें होतें. तेवढा भाग त्यानें लॅटिनवरून ग्रीकांत उतरविला. आणि लॅटिन प्रतींत ‘लिग्नो’ म्हणजे वृक्ष, याचें लेखकप्रमादानें ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक, असें झालें होतें. लाभलेलें तारण हरपूं शकतें असें म्हणणारे या वचनावरून पुस्तकांतील नांव खोडलें जाण्याचें भय दाखवितात. तो आधार लटका ठरतो. उलट अध्याय ३, वचन ५ येथें विजयी भक्ताचें नांव न खोडण्याचें अभिवचन आहे, व तेथें ‘पुस्तक’ हाच खरा पाठ. इतक्यानें वाद मिटत नाहीं, कारण वृक्षाचा वांटा गमावणें हेंही भयप्रदच. तथापि गळालेल्या पानाच्या जागीं भरलेल्या शब्दावर तारणाचा सिद्धान्त रचूं नये, हें निश्चित.