सतार सुटली, मींड राहिली

आमच्या घरी माळ्यावर एक सतार आहे. दिवाळीची झाडलोट निघाली की ती खाली येते, तिची गवसणी उन्हात पडते, भोपळ्यावरची धूळ पुसली जाते आणि भाऊबिजेच्या आत ती पुन्हा वर जाते. आत्या लग्नाआधी चार वर्षे ती शिकत होती. यमन, भूप, काफी एवढे झाले आणि पुढे संसार झाला. सतार पुसताना ती दरवर्षी एकच वाक्य बोलते, "उगीच शिकले! ना धड वाजवता आली, ना धड विसरता आली."

गेल्या दिवाळीत हे चालले असताना भाचा शेजारच्या खोलीत कसलेसे वादन लावून बसला होता. आत्याचा फडक्यासकट हात थांबला. "सतार कोण वाजवतेय रे?" तिने विचारले. "सतार नाही ग आजी, गिटार आहे. जॉर्ज हॅरिसन." "मग तीत अशी मींड कुठून आली?" भाच्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर लगेच माझ्यापाशीही नव्हते. तो प्रश्न वर्षभर मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधायचे म्हणजे हॅरिसनच्या साऱ्या कारकिर्दीकडेच जरा निराळ्या बाजूने पाहावे लागते.

बीटल्स हे नाव आता आजोबांना आणि नातवंडांना सारखेच ठाऊक आहे. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्हरपूल बंदरातल्या चार पोरांचा तो संच. त्यांतला वयाने सर्वांत धाकटा हा हॅरिसन. जन्म २५ फेब्रुवारी १९४३चा. वडील बसवर नोकरीला, घरात चार भावंडे. आईने साडेतीन पौंडांची जुनी गिटार घेऊन दिली, तिच्यावर बोटे सोलून घेत पोरगा शिकला. शाळेच्या बसमध्ये पॉल मॅकार्टनीची गाठ पडली आणि त्याच्या शब्दाखातर १९५८ साली जॉन लेननच्या टोळीत शिरकाव झाला. १९६० साली ही मंडळी हाम्बुर्गच्या रात्रीच्या अड्ड्यांत वाजवावयास गेली, तेव्हा हा इतका लहान होता की वय भरत नाही म्हणून जर्मन पोलिसांनी त्याला परत धाडले.

पुढे जगभर डंका वाजला, तरी घरातला धाकटेपणा काही सुटला नाही. एकत्र कुटुंबात थोरल्या दोघांनी व्यवहार ठरवावा आणि धाकट्याने 'हो' म्हणावे, तसे चाले. गाणी रचावयाची लेनन-मॅकार्टनी यांनी. एका तबकडीत याच्या वाट्याला एखाददुसरे गाणे येई. त्याचे पहिले गाणे १९६३ साली निघाले. वादक म्हणूनही तो चमत्काराचा नव्हता. बोटांची आतषबाजी त्याला साधत नसे. गाण्याच्या मधल्या आठ-दहा ओळींच्या जागेत काय वाजवायचे ते तो आधी नीट बेतून येई आणि नेमके तेवढेच वाजवी. टीकाकारांना हे उणे वाटले. मला मात्र ती त्याच्या स्वभावाची खूण वाटते. गाण्याला जेवढे हवे तेवढेच देण्याची सवय त्याला पहिल्यापासून होती.

सतारीशी त्याची पहिली गाठ पडली ती एका थट्टेच्या प्रसंगात. १९६५ साली 'हेल्प!' या चित्रपटात एका हिंदुस्थानी उपाहारगृहाचा विनोदी प्रवेश होता. तेथे वाजवण्यासाठी आणलेली सतार त्याने हाती घेऊन पाहिली. त्याच वर्षी 'नॉर्वेजियन वुड' या लेननच्या गाण्यात त्याने ती वाजवली. ते ऐकताना आपल्याकडचा कोणीही जाणकार हसेल. पडद्यावर बोट ठेवायचे आणि तार छेडायची, एवढेच आहे. मींड नाही, गमक नाही. सतारीच्या अंगावर गिटारचा सदरा चढवलेला. पण तेवढ्याने पाश्चात्त्य तरुणांत सतारीचे खूळ माजले, आणि खूळ माजवणारा स्वतः मात्र अस्वस्थ झाला. आपल्याला हे वाद्य येत नाही, हे त्याला कळले. त्या लाटेत हे कळणारे फार थोडे होते.

१९६६च्या एप्रिलमध्ये 'लव्ह यू टू' हे गाणे त्याने मुद्रित केले. तबल्यावर लंडनमधले अनिल भागवत होते, आणि तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नावही छापले गेले. त्यानंतर जूनमध्ये पंडित रविशंकर यांची भेट झाली. पहिल्या पाठांच्या वेळची एक हकीकत दोघांनीही सांगून ठेवली आहे. शिकवणी चालू असता दूरध्वनी वाजला. हॅरिसन उठला आणि मांडीवरची सतार खाली ठेवून तिला ओलांडून निघाला. पंडितजींनी त्याच्या पायावर चापट मारली आणि वाद्याचा मान ठेवावयास सांगितले. लक्षावधी पोरी ज्याच्यासाठी किंकाळ्या फोडत होत्या, त्याला कोणीतरी पायावर मारून शिकवीत होते. तो रागावला नाही. मला वाटते, त्या क्षणी तो खरा शिष्य झाला.

सप्टेंबर १९६६ मध्ये तो पत्नीसह मुंबईस आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. इथे निवांतपणे सतारीवर बसू, असा बेत होता. पण बातमी फुटली, हॉटेलाबाहेर तरुणांची गर्दी लोटली आणि अखेर गुरु-शिष्यांना काश्मीरची वाट धरावी लागली. त्या दिवसांत रविशंकरांचे शिष्य शंभू दास हेही त्याला हात धरून शिकवीत. मांडी घालून तासन् तास बसणे या परक्या देहाला जड जाई, तरी त्याने रियाझ सोडला नाही.

त्या रियाझाचे फळ म्हणजे १९६७चे 'विदिन यू विदाउट यू'. या गाण्यात बाकीचे तिघे बीटल्स नाहीतच. तंबोरा, तबला, स्वरमंडल, दिलरुबा आणि जोडीला व्हायोलिन-चेलो. मधला वाद्यांचा भाग पाचाच्या वजनात चालतो. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दिलरुब्याची साथ. जुन्या गवयाच्या मागे सारंगिया जसा गळ्याच्या पावलावर पाऊल टाकीत जातो, तसा येथे दिलरुबा जातो, आणि त्याला बरोबर घेण्यासाठी गाणारा आपला गळाही वाकवतो. 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार गिटारसारखी वाजत होती. दोन वर्षांत हा माणूस वाद्यांच्या मागून गाऊ लागला होता.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईस आला. 'वंडरवॉल' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्याने आपल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत मुद्रित केले. बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येत असे, अशी ती जागा. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ असे वादक त्याला लाभले, आणि 'दि इनर लाइट' या गाण्याची बैठकही तिथेच मुद्रित झाली. तीत बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आहे. 'वंडरवॉल'चे संगीत तुकड्यातुकड्यांचे आहे. एखादी सुंदर जागा आली की ती संपतेच. पण तो बीटल्सच्या कोणाही एकाने बाहेर पडून केलेला पहिला संगीतसंग्रह होय, आणि त्याचा एक पाय मुंबईच्या फोर्टात आहे.

आणि त्याच वर्षी त्याने सतार सोडली.

का सोडली? एकीकडे रविशंकरांनीच त्याला विचारले होते की, तुझी मुळे कुठे आहेत? दुसरीकडे, लहानपणापासून बारा-चौदा तास घासलेले वादक त्याने जवळून पाहिले होते. आपण फार उशिरा आलो, आता उत्तम सतारिया होणे नाही, हे त्याने ओळखले. तो गिटारकडे परत वळला. आपल्याकडे याला पराभव म्हणतील. आत्याही म्हणते. पण ज्याला विद्येची उंची कळली, त्यालाच आपली उंची कळते. तेवढे कळण्यापुरती विद्या तरी त्याने नक्कीच मिळवली होती.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो. १९६९च्या डिसेंबरात, एका दौऱ्यावर, तो निराळ्या पद्धतीने गिटार वाजवू लागला. बोटात एक नळी घालावयाची आणि ती तारेवरून घसरत न्यावयाची. अमेरिकेतल्या निग्रो गवयांची ही जुनी रीत. पडद्यांच्या पायऱ्या तेथे नाहीशा होतात आणि एका स्वरातून दुसऱ्यात उतरण घडते. सतारीवर तार आडवी ओढून जे साधते, ते येथे नळी सरकवून साधते. इतर वादक नळीने तार किंचाळावयास लावीत. हॅरिसन मात्र स्वराला हळू उचलतो, वर नेऊन क्षणभर धरतो आणि मग खाली सोडतो. ज्याने दोन वर्षे सतारीचा खर्ज घासला, त्याचाच हा कान. सतार सुटली होती, पण मींड बोटांत राहिली होती.

गंमत अशी की, नेमक्या याच सुमारास मुंबईत उलट दिशेचा प्रवास चालू होता. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली, तीत ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तीवर राग वाजवला. त्यांच्या साथीला तेच शिवकुमार आणि तेच हरिप्रसाद. एकाने गिटारला सतारीचे मन दिले, दुसऱ्याने गिटारला रागाची शिस्त दिली. दोघांना जोडणारी वस्तू एकच, घसरता स्वर.

बीटल्स फुटले आणि नोव्हेंबर १९७० मध्ये हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा तीन तबकड्यांचा संच निघाला. वर्षानुवर्षे थोरल्यांनी बाजूला सारलेली गाणी एकदम बाहेर पडली. तिसरी तबकडी भरतीची आहे, मित्रमंडळींचा नुसता वाद्यकल्लोळ. पण पहिल्या दोन ऐकल्यावर थोरल्यांनी केवढे धन कोठीत कुलूप लावून ठेवले होते ते कळते. 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्यात दोन घसरत्या गिटारी जुळ्या बहिणींसारख्या गातात आणि समूहगान ख्रिस्ती जयघोषावरून अलगद कृष्णाच्या नावावर येते. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

याच गाण्यावर चोरीचा आळ आला. १९६३च्या 'ही'ज सो फाइन' या गाण्याची ती चाल आहे, असा दावा झाला, आणि १९७६ साली न्यायालयाने ठरवले की त्याने ती नकळत उचलली. आपल्या संगीत नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाणे छापून टाकण्याची रीत होती. ऋण कबूल, भांडण संपले. त्यांच्याकडे मात्र हा खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. साम्य आहे, हे कान सांगतात. पण त्या चालीत या माणसाने काय ओतले, तेही कानच सांगतात.

गुरूचे ऋण त्याने निराळ्या रीतीने फेडले. १९७१ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल पाहून रविशंकर कासावीस झाले आणि त्यांनी शिष्याला साद घातली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन जलसे झाले. सुमारे चाळीस हजार लोक आले. आरंभ रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांच्या वादनाने झाला. वाद्ये नुसती जुळवताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा जुळवणीच इतकी आवडली तर वादन अधिक आवडेल, असा मिस्किल टोला पंडितजींनी दिला. तिकिटांचे सुमारे दोन लक्ष त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफकडे गेले. तबकडीच्या पैशाचे मात्र करांच्या भानगडीत बरेच दिवस अडकून पडणे झाले. रॉकच्या मंडळींनी परक्या दुःखासाठी असे एकत्र यावे, याचा पायंडा त्या दिवशी पडला.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. १९७३ नंतर त्याच्यातला उपदेशक फार बोलू लागला. कीर्तनात पूर्वरंग लांबावा आणि आख्यान राहून जावे, तसे काही गाण्यांचे झाले. १९७४च्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याने रविशंकरांना बरोबर नेले खरे, पण घसा बसलेला, लोकांना जुनी गाणी हवीत आणि हा ती द्यावयास नाखूष. तो दौरा फसला. १९८२चा संग्रह तर त्याने स्वतःच मन लावून केला नसावा असे वाटते. १९८७ साली 'क्लाउड नाइन'ने तो पुन्हा उजेडात आला, आणि १९९७ साली रविशंकरांच्या 'चांट्स ऑफ इंडिया' या मंत्रगायनाच्या संग्रहाची निर्मिती त्याने केली. शिष्य पुन्हा गुरूच्या पायाशी येऊन बसला.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी त्याचे निधन झाले. अपुरी राहिलेली शेवटची तबकडी मुलगा धनी आणि मित्र जेफ लिन यांनी पुरी केली, ती २००२ साली निघाली. तीत शब्दांविना एक गिटारवादन आहे, 'मारवा ब्लूज'. भाचा त्या दिवशी तेच ऐकत होता. मारवा म्हणजे दिवेलागणीचा राग. पंचम वर्ज्य, षड्ज लांबलांब ठेवलेला, घरी पोचायची हुरहूर आणि घर दूर. या वादनात रागाचे व्याकरण शोधू गेल्यास हाती फार काही लागणार नाही. पण ती हुरहूर आहे, आणि एकेक स्वर उचलून सोडण्याची ती रीत आहे. सतार सोडून तीसहून अधिक वर्षे झाली होती.

यंदा सतार खाली आली तेव्हा मी हे सारे आत्याला सांगितले. तिने ऐकून घेतले, आपले नेहमीचे वाक्य काही ती बोलली नाही. मग भाच्याला म्हणाली, "लाव रे ते परत." वादन संपेपर्यंत ती फडके हातात धरून बसली होती. सतार मात्र या वर्षी अजून माळ्यावर गेलेली नाही.