हशा कमी, टाळ्या फार

1996 साली अमेरिकी विनोदकार ख्रिस रॉकचा ‘ब्रिंग द पेन’ हा कार्यक्रम एचबीओ या वाहिनीवर आला. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ सोडून त्याला तीन वर्षं झाली होती आणि फारसं कुणी त्याला विचारत नव्हतं. चित्रीकरण वॉशिंग्टनच्या टाकोमा थिएटरात झालं, समोर बहुतांश कृष्णवर्णीय वॉशिंग्टनकर. रॉकनं सुरुवातच केली ती त्यांच्या महापौरापासून. मॅरियन बॅरी कोकेनच्या प्रकरणात तुरुंगात जाऊन आला होता आणि 1994 मध्ये याच शहरानं त्याला पुन्हा निवडून दिलं होतं. म्हणजे विनोद बॅरीवर, पण हिशेब समोरच्या खुर्च्यांशी. पुढे तर रॉकनं आपल्याच समाजाचे सरळ दोन भाग पाडले आणि एका भागाला धुऊन काढलं. लोक खुर्चीत वाकवाकून हसले. तो भाग त्यानं नंतर कायमचा बंद केला. वंशद्वेष्ट्या गोऱ्यांना त्यातून कृष्णवर्णीयांसाठीची ती जुनी शिवी वापरायचा परवानाच मिळाल्यासारखं वाटू लागलं, असं त्याचं कारण. घरचा आहेर शेजाऱ्यानं उचलून नेला म्हणायचा!

दूरचित्रवाणीवर इतकं बोलता आलं ते वर्गणीमुळे. एचबीओला जाहिरातदाराचा रुसवा काढायचा नव्हता. विनोदकार जॉर्ज कार्लिनच्या शिव्यांवरच्या सेटवरून एका रेडिओ केंद्राचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये निकाल केंद्राच्या विरुद्ध लागला. पण 1977 पासून 2008 पर्यंत त्याच कार्लिननं एचबीओवर चौदा स्पेशल, म्हणजे एकट्याचे पूर्ण कार्यक्रम, केले. त्यातला 1992 चा ‘जॅमिंग इन न्यूयॉर्क’ मला सर्वांत धारदार वाटतो. आखाती युद्धाचा विजयोत्सव ताजा असताना, बाँब टाकणं हाच आपला राष्ट्रीय छंद आहे, असं तो भर सभागृहात सांगतो आणि हसवतो. उतारवयात मात्र त्याचं कीर्तन झालं. लोक हसण्याऐवजी टाळ्या वाजवू लागले.

आजच्या सामाजिक आशयाच्या स्पेशलचं दुखणं तेच आहे. हसू आवरत नाही. टाळी मात्र माणूस ठरवून वाजवतो, ‘आम्हीही याच बाजूचे’ हे कळवायला. नेटफ्लिक्समुळे हे वाढलं, कारण तिथे जो तो आपल्या मताचा विनोदकार निवडूनच बसतो. अपवाद आहेत. 2018 च्या ‘नॅनेट’मध्ये हॅना गॅड्सबीनं बसथांब्यावरच्या एका दांडगोबाचा किस्सा आधी हसत-खेळत सांगितला आणि बऱ्याच वेळानं त्याचा खरा शेवट सांगितला: त्या माणसानं मारलं होतं. आपण मघाशी कशाला हसलो, हे प्रेक्षकाला तेव्हा कळतं. ही रचनेची कमाल आहे. पुढे अनेकांनी त्यातली फक्त शांतता उचलली. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर डेव्ह शॅपेलनं केलेला 2020 चा ‘8:46’ तर जवळजवळ विनोदाविनाच उभा राहतो. त्याला स्टँड-अप म्हणावं का, हा वाद मला निरर्थक वाटतो. आपल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’सारख्या एकपात्रीत नटाला पन्नास पात्रांचा आडोसा असतो. स्टँड-अपमध्ये फक्त माईक आणि ‘मी’.

रॉककडे पुन्हा यायचं ते 2023 च्या ‘सिलेक्टिव्ह आउटरेज’साठी. हा नेटफ्लिक्सचा पहिला थेट प्रक्षेपित स्टँड-अप, वॉशिंग्टनजवळच्याच बाल्टिमोरमधून. ऑस्करच्या मंचावर विल स्मिथनं त्याला मारलेल्या थपडेला वर्ष होत आलं होतं. नाव निवडक संतापाचं, पण शिकार कोणाची? विल आणि जेडा स्मिथ, मेगन मार्कल, सामाजिक भान मिरवणाऱ्या कंपन्या. सभागृहात नसलेली मंडळी. समोर बसलेल्या एकालाही ओरखडा नाही, आणि आरोळ्या मात्र अखंड. शेवटच्या, थपडेवरच्या भागात रॉक एका चित्रपटाचं नाव चुकला, थांबला, विनोद पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. तासाभरात तो गडबडलेला दिसला तो तेवढाच. नेटफ्लिक्सनं नंतर ती चूक कापून टाकली. आता पाहाल तर विनोद अगदी सफाईनं होतो.