'पाणी देणे' : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

कोयत्याला पाणी 'देतात' किंवा 'पाजतात'. लाल तापलेले पोलाद एकदम थंड करण्याच्या क्रियेला मराठीत हाच जुना शब्दप्रयोग आहे. धार कडक झाली की पातेही 'पाणीदार' ठरते. साधन व गुण यांना एकच नाव मिळते. लक्षणेचे हे उदाहरण सुंदर खरे, परंतु निरुपद्रवी नव्हे.

पोलादपूरनजीकच्या कशेडी घाटातून मुंबई–गोवा मार्गावरील मालमोटारींची वाहतूक दीर्घकाळ चालत आली. अशा मोटारींच्या जुन्या कमानींचे पाटे हा ग्रामीण लोहाराचा सर्वत्र आवडता माल होय. त्यांतील सिलिकॉन–मँगनीज जातीत सुमारे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन व १.५ ते २ टक्के सिलिकॉन असते. हे पोलाद तेलात थंड करावयाचे. पाण्यात बुडविल्यास पातळ धार व पृष्ठभाग आधी कडक होतात. जाड पाठीचा गाभा मागाहून रूपांतर पावतो, फुगतो आणि कडक झालेल्या भागाला ताणतो. मग भोकापाशी, कोपऱ्यापाशी किंवा घणाची खूण राहिली असेल तेथे तडा जातो. दोष मालाला दिला जातो. पण माध्यम कोणते, हे शब्दानेच आधी सुचवून ठेवलेले असते. पेट्रोलची पिंपे 'रिकामी' म्हटल्यामुळे त्यांच्याजवळ लोक बेफिकीर वागतात, असे बेंजामिन व्होर्फ याला अग्निविम्याच्या कामात आढळले होते. त्याच्या सिद्धांताची व्याप्ती वादग्रस्त आहे. हे निरीक्षण मात्र येथे चपखल बसते.

सुश्रुतसंहितेतील 'पायना' ह्या शब्दात ही अडचण नाही. तेथे शस्त्राला पाजावयाची द्रव्ये तीन: क्षार, उदक व तैल. हाडे छेदणाऱ्या शस्त्रास क्षार, मांस छेदणाऱ्यास पाणी, शिरा वेधणाऱ्यास तेल. थंड करण्याच्या वेगाचा उतरता क्रमही साधारणतः हाच. क्रियापदाने माध्यम मोकळे ठेवले आहे. हिंदी तांत्रिक परिभाषेतील 'शमन' मराठीत आणण्याने काही साधत नाही; त्या क्षणी उष्णता शमते, पोलाद मात्र कमाल ताणाखाली असते.

'तडा' हा शब्दही असाच ढोबळ वापरला जातो. घडणीतील दुमड आधीचीच असते. तिच्या कडा आतून खवलेल्या व कार्बन गमावलेल्या दिसतात. थंड करताना गेलेल्या तड्याच्या कडांचा कार्बन शाबूत असतो. साणेवरच्या अतितापाने पडलेल्या चिरा उथळ असतात. त्या घासण्याच्या दिशेला आडव्या किंवा जाळीसारख्या उमटतात. तिन्हींवरचे उपाय भिन्न आहेत. दुमड, तडा, चीर हे शब्द मराठीत आहेतच. तांत्रिक लेखनात ते एकमेकांच्या जागी वापरले जाऊ नयेत.