विदूषकाच्या वेशातला हेर

शॉन कॉनरीचे चाहते एकमेकांशी भांडतात तेव्हा ते भांडण सुखवस्तू घरातल्या वाटणीसारखे असते. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ कोणाच्या वाट्याला येवो की ‘गोल्डफिंगर’, कोणीही रिकाम्या हाताने उठत नाही. रॉजर मूरच्या चाहत्यांचे तसे नाही. वाटण्यासारखे काही आहे, हेच त्यांना आधी जगाला पटवावे लागते. त्यामुळे त्यांच्या वादाला सुरुवातीपासून एक बचावाचा सूर असतो. आपल्या आवडीचा चित्रपट सांगताना मूरचा चाहता लगेच ‘पण’ म्हणतो. १९७३ ते १९८५ या बारा वर्षांत मूरने सात बाँडपट केले. त्यांपैकी श्रेष्ठ कोणता, या वादात मी उमेदवारीची अनेक वर्षे घालवली आहेत. आज वाटते, आम्ही सगळेच त्या ‘पण’पाशी चुकत होतो.

मूर बाँड झाला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. ज्याची जागा त्याने घेतली त्या कॉनरीपेक्षा तो तीन वर्षांनी मोठा, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ‘द सेंट’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे तो घरोघरी पोचला होता आणि कपडे, केस, आवाज यांत कुठेही सुरकुती पडू न देण्याची त्याची हातोटी तिथेच पक्की झाली होती. आपल्या अभिनयाची मजल एक भुवई उचलण्यापासून दुसरी उचलण्यापर्यंत, अशी थट्टा तो स्वतःच करी. आणि ज्या हेराला जगातला प्रत्येक दारूविक्या नावाने ओळखतो, त्याला कुठे काय प्यायला लागते हेही जाणतो, तो हेर कसला, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे वरवर गमतीचे असले तरी त्यात भूमिकेचा एक नेमका अर्थ लावलेला आहे. कॉनरीचा बाँड स्वतःवर विश्वास ठेवतो. मूरच्या बाँडला आपण कथेतले पात्र आहोत याची कुणकुण लागलेली असते.

चाहत्यांत दोन मोठे तट आहेत. बाकीचे चित्रपट या दोन तटांच्या मधल्या गाळात. ‘लिव्ह अँड लेट डाय’ला गाण्यापुरते आणि मगरींच्या पाठीवरून धावण्यापुरते मानणारे आहेत, हार्लेममधला प्रत्येक काळा माणूस कटात सामील असलेला तो चित्रपट आज पाहताना खुर्चीत चुळबुळ होते, हे मात्र ते सांगत नाहीत. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ ख्रिस्तोफर लीच्या खलनायकामुळे तरतो. ‘अ व्ह्यू टू अ किल’ करताना मूर सत्तावन्न वर्षांचा होता आणि ते लपत नाही.

पहिला तट ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) चा. मूरचे स्वतःचे मतही याच पारड्यात होते. पाण्याखाली जाणारी पांढरी लोटस गाडी, पोलादी दातांचा जॉज, पाणबुड्या गिळणारे जहाज आणि त्यासाठी केन अ‍ॅडमने पाइनवुडमध्ये उभारलेला प्रचंड सेट. त्याही आधी ती सुरुवात: बर्फावरून निसटणारा बाँड कड्यावरून थेट पोकळीत झेपावतो, संगीत थांबते, तो पडतच राहतो आणि मग ब्रिटिश झेंड्याचे पॅराशूट उघडते. रिक सिल्व्हेस्टर या माणसाने कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या अ‍ॅसगार्ड पर्वतावरून ती उडी खरोखर मारली होती.

दुसरा तट ‘फॉर युअर आइज ओन्ली’ (१९८१) चा. हे लोक गंभीर. ‘मूनरेकर’मध्ये बाँड अंतराळात जाऊन आल्यावर दिग्दर्शक जॉन ग्लेनने त्याला जमिनीवर आणले, याचे त्यांना कौतुक. सुरुवातीलाच बाँड पत्नीच्या थडग्यापाशी उभा असतो. लोटस गाडी स्फोटात उडून जाते आणि पळायला एक चेपकी पिवळी सित्रोएन मिळते. आणि त्यांचा हुकमी एक्का म्हणजे लॉकच्या मृत्यूचा प्रसंग. बाँडच्या साथीदाराला मारणारा लॉक कड्याच्या टोकावर अडकलेल्या गाडीत बसला आहे. बाँड त्याने मृतदेहाजवळ ठेवलेले कबुतराचे पदक त्याच्याकडे परत टाकतो आणि गाडीला लाथ मारतो. मूर हे करायला नाखूश होता. आपला बाँड असे करणार नाही, असे त्याला वाटत होते. ग्लेनने आग्रह धरला. चाहते म्हणतात, पाहा, मनात आणले असते तर हाही कठोर होऊ शकला असता.

हा एक्का मला पूर्वी फार बिनतोड वाटे. मग एकदा दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले आणि एक साधी गोष्ट ध्यानात आली. ‘स्पाय’मध्ये कैरोच्या एका गच्चीवर मारेकऱ्याशी झटापट होते. तो कडेला लोंबकळतो, हातात फक्त बाँडची टाय. बाँड त्याला हवी ती माहिती विचारतो, उत्तर मिळताच टाय सोडवून घेतो आणि तो माणूस खाली जातो. हे लॉकच्या प्रसंगापेक्षा किती तरी निर्दय आहे. तिथे निदान साथीदाराचा सूड होता, इथे तर माणूस उत्तर देऊन मोकळा झालेला. तरी ‘कठोर मूर’चा दाखला म्हणून हा प्रसंग कोणी देत नाही, कारण तो ‘गमतीच्या’ चित्रपटात आहे.

त्याच चित्रपटातला आणखी एक प्रसंग. सोव्हिएत हेर आन्याला कळते की तिच्या प्रियकराला ऑस्ट्रियातल्या बर्फात बाँडनेच मारले असावे. ती छायाचित्र पुढे करते. बाँड आधी म्हणतो, ओळखत नाही. मग सांगतो, की पाठीमागून कोणी गोळी घालायला वेगाने येत असते तेव्हा चेहरा लक्षात राहत नाही. आणि शेवटी, होय, मीच मारले. इतकी वर्षे आम्ही ज्या भुवईवरून विनोद केले ती भुवई इथे हलत नाही. आणि ज्या पाठलागातल्या झेंड्याच्या पॅराशूटला आपण टाळ्या वाजवल्या, तोच हा पाठलाग. चित्रपट तासाभराने परत येऊन त्या टाळ्यांचा हिशेब मागतो. मूरचा हलकेपणा म्हणजे वरून दिलेले पॉलिश आणि ते खरवडले की खाली खरा नट सापडेल, ही ‘फॉर युअर आइज ओन्ली’वाल्यांची समजूत म्हणूनच टिकत नाही.

अर्थात मूरच्या चित्रपटांतला सगळाच विनोद या जातीचा नाही. ‘गोल्डन गन’मध्ये थायलंडमधल्या मोडक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे उतरते. संगणकावर आकडेमोड करून आखलेली ती उडी एका झटक्यात साधली, आणि तिच्यावर सर्कशीतल्या शिट्टीचा घसरता आवाज चिकटवला. ‘मूनरेकर’मध्ये व्हेनिसच्या चौकात गोंडोला जमिनीवरून तरंगत जाते आणि एक कबुतर आश्चर्याने दोनदा मान वळवते. हे विनोद धोक्यावर बाहेरून ओतलेले आहेत. त्यांत मूरचा वाटा शून्य. शिट्टी त्याने वाजवली नाही, कबुतराला त्याने शिकवले नाही. मूर जिथे स्वतः विनोद करतो तिथे तो धोक्याच्या आत उभा असतो, हा फरक चाहत्यांच्या वादात पुसला जातो.

याच फरकासाठी मी ‘ऑक्टोपसी’ (१९८३) कडे येतो. चाहत्यांच्या यादीत हा चित्रपट सहसा मधे किंवा खाली असतो. झाडाच्या वेलीला लटकताना बाँड टारझनसारखी आरोळी ठोकतो आणि शेवटाकडे विदूषकाच्या वेशात येतो; हे दोन पुरावे दिले की खटला निकाली. मूरला या वेळी बदलायचे घाटत होते, जेम्स ब्रोलिनची चाचणीही झाली होती. पण त्याच वर्षी कॉनरी ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ घेऊन प्रतिस्पर्धी बाँड म्हणून उतरत होता, आणि निर्मात्यांना ओळखीचा चेहरा सोडवेना. गल्ल्यावर पुढे ‘ऑक्टोपसी’च वरचढ ठरला.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला या चित्रपटाची निराळी अडचण आहे. मी तो पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. उदयपूर दिसले की सगळे सरसावून बसले. सरोवरातला महाल ऑक्टोपसीचा, डोंगरावरचा सज्जनगड कमल खानचा. कबीर बेदी फेट्यात, विजय अमृतराज विजय नावानेच. पण पडद्यावरचे उदयपूर हे पर्यटकाने गच्च भरलेल्या पिशवीसारखे आहे. ताजमहालावरून हेलिकॉप्टर जाते आणि दुसऱ्या क्षणी आपण उदयपूरच्या घाटावर. गारुडी, खिळ्यांची गादी, निखारे, तलवार गिळणारा, हत्तीवरून शिकार. बाँड जुगारात जिंकलेल्या नोटांतून आपल्या हिंदी सहकाऱ्याला पुडके देतो आणि काही आठवड्यांच्या करीची सोय झाली, अशा अर्थाचे काही बोलतो. पाठलागात उरलेल्या नोटा हवेत उधळतो. गर्दी तुटून पडते आणि पाठलाग करणारे अडकतात. रिक्षा उडाली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात सर्वांत मोठा हशा झाला. करीच्या वाक्यालाही झाला. मीही हसलो होतो. वीसेक वर्षांनी पुन्हा पाहताना तिथे हसू आले नाही, आणि पहिल्यांदा का आले होते याचाच विचार करत बसलो.

तेव्हा या चित्रपटाची बाजू मी घेतो ती डोळे मिटून नाही. हा अपमान मूरच्या हलकेपणाचाच एक भाग आहे. जो माणूस काहीच मनावर घेत नाही, तो समोरच्याची गरिबीही मनावर घेत नाही. पॅराशूटच्या टाळ्यांचा हिशेब ‘स्पाय’ने मागितला तसा या नोटांचा हिशेब ‘ऑक्टोपसी’ कधीच मागत नाही. विजय मारला जातो, तेव्हाही पटकथेला फार वेळ थांबायचे नसते. उदयपूरच्या चित्रीकरणात पाहिलेल्या दारिद्र्याने मूर हादरला आणि पुढे ऑड्री हेपबर्नच्या सांगण्यावरून युनिसेफचे काम करू लागला. १९९१ पासून तो त्यांचा सदिच्छादूत होता. हे त्याच्या चरित्रात जमा होते. चित्रपटाच्या खात्यावर ते मांडता येत नाही.

आता सर्कस. चित्रपटाच्या सुरुवातीला ००९ क्रमांकाचा हेर पूर्व बर्लिनमध्ये विदूषकाच्या वेशात जीव घेऊन पळत असतो. पाठीत सुरा बसतो; ब्रिटिश राजदूताच्या घरात कोसळताना त्याच्या हातातून रत्नजडित अंडे घरंगळते. रंगवलेला चेहरा आणि मरण यांची गाठ चित्रपट इथेच मारून ठेवतो. शेवटाकडे पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी विमानतळावर सर्कस चालू आहे आणि तिच्या तोफेत अणुबॉम्ब दडवलेला आहे. सोव्हिएत सेनापती ऑर्लोव्हचा हिशेब असा, की स्फोट अमेरिकेचाच अपघात वाटेल, घाबरलेला युरोप अण्वस्त्रे काढून टाकायला लावेल आणि रणगाड्यांना वाट मोकळी होईल. १९८३ साली जर्मन रस्त्यांवर अमेरिकी क्षेपणास्त्रांविरुद्ध मोर्चे निघत होते, त्यामुळे हा कट तेव्हाच्या प्रेक्षकाला परग्रहावरचा वाटला नसणार.

बाँडला तिथे पोचायचे आहे आणि जग त्याला पोचू देत नाही. रस्त्यावर टवाळ पोरे गाडी थांबवल्याचे नाटक करून पुढे सरकतात. टेलिफोनच्या खोपटात बाई बोलतच राहते. शेवटी तिची गाडी चोरून, पोलिसांना मागे घेऊन तो तळावर शिरतो आणि लपायला विदूषकाचा वेश चढवतो: लाल नाक, रंगवलेले तोंड, मोठे जोडे. ००९चे मरणच जणू अंगावर घालतो. रिंगणात येऊन तो ओरडतो की तोफेत बॉम्ब आहे. मुले खिदळतात, अधिकारी हसतात, शिपाई त्याला धरतात. धडपडीत तो जितका कळवळून बोलतो तितका हशा वाढतो.

आपल्या तमाशातला सोंगाड्या हसवता हसवता खरे बोलून जातो, आणि पाटलालाही ते ऐकून घ्यावे लागते. हसू ही त्याची वाट असते. इथे तीच वाट बंद झाली आहे. दहा वर्षे ज्याने कधीच काही गंभीरपणे घेतले नाही, त्याला आज गंभीरपणे घ्या म्हणून गयावया करावी लागते, आणि त्याच्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहून लोक हसतात. मूरवर घेतला गेलेला प्रत्येक आक्षेप या रिंगणात हजर आहे. आणि मूर काय करतो? भुवया रंगाखाली गेलेल्या. उरतो तो आवाज आणि डोळे. आवाज फाटतो. त्याच्या सातही चित्रपटांत तो इतका घाबरलेला दुसरीकडे कुठे मला आठवत नाही. कॉनरीला हा प्रसंग करता आला नसता, कारण कॉनरीवर कोणी असे हसले नसते. ऑक्टोपसी कुलपावर गोळी झाडते, तोफ उघडते, घड्याळ शून्यावर येता येता बॉम्ब निकामी होतो.

ज्या वेशासाठी चित्रपट बदनाम झाला, त्याच वेशात मूरचा सर्वांत मोठा प्रसंग आहे, हे माझे म्हणणे. तो प्रसंग पूर्ण चित्रपटाला तारत नाही. दिग्दर्शकाला आपल्या हाती काय लागले होते ते कळले नसावे, कारण सर्कशीनंतर कथा संपवायची सोडून तो पुन्हा उदयपूरला येतो. ऑक्टोपसीच्या बायका सज्जनगडाच्या भिंती चढतात, क्यू फुग्यातून उतरतो, आणि बाँड उडत्या विमानाच्या टपाला लटकतो. कमल खान गोबिंदाला फर्मावतो, बाहेर जा आणि त्याला पकड. कबीर बेदीने तोवर दोन तास हुकूम पाळण्यापलीकडे काही केलेले नाही. हातात फासे चिरडले आहेत, भुईला पाय रोवून उभा राहिला आहे. आता तो खिडकीतून खालच्या दरीकडे पाहतो, मग मालकाकडे पाहतो. बाहेर? क्षणभर त्याच्या डोळ्यांत उघड अविश्वास उमटतो. या चित्रपटात आपल्या नटाला मिळालेला तेवढाच एक माणसासारखा क्षण. मग तो दार उघडून बाहेर पडतो.